दाढोबाचं पान

पिंपरी-चिंचवडात दोन माणसं भेटली की प्रकृतीची चौकशी नंतर होते, आधी "सध्या शिफ्ट कुठली?" असं विचारतात. पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तीन पाळ्यांत आमचं गाव वाटलेलं आहे आणि त्यातली तिसरी पाळी कोणालाच नको असते. अपवाद एकच. घराघरांतल्या ट्यूबलाइटमागे राहणारी पाल. ती जन्मभर तिसरीच पाळी करते. तिला ओव्हरटाइम नाही, बोनस नाही, युनियन नाही आणि सवलतीच्या दरातलं कँटीनही नाही. आपलं जेवण आपणच पकडायचं, तेही भिंतीवर चिकटून.

ही पाल वर्षानुवर्षं आपल्यादेखत किडे खात आली आहे. आपण खाली पिठलं-भात खात असतो, ती वर पतंग खात असते, आणि दोघांनाही एकमेकांच्या ताटाविषयी काही म्हणायचं नसतं. पाल अंगावर पडली तर पंचांगात फळ पाहणारे लोक आहेत; पालीच्या तोंडात पतंग पडला तर त्याचं फळ काय, हे पंचांग सांगत नाही. कारण उघड आहे. त्या व्यवहारात आपण कुठेच नाही. पाल आपली नाही, पतंग आपला नाही. आपली फक्त भिंत, आणि तीही बहुधा बँकेच्या कर्जातली.

पण हाच प्राणी काचेच्या पेटीत घातला, पेटीला दिवा लावला आणि तो "माझा" झाला, की नीतिशास्त्र दार वाजवतं. मग त्याची भूक आपली होते आणि त्याच्या तोंडात जाणारा किडाही आपल्याच खात्यावर पडतो.

आमच्या प्राधिकरणातल्या सोसायटीत हे दार समोरच्या ब्लॉकवर वाजलं. तिथल्या बारा वर्षांच्या चिरंजीवांना मामाने वाढदिवसाला एक सरडा दिला. भाच्याचे लाड मामाने करावेत आणि ते निस्तरावेत भाच्याच्या घरच्यांनी, ही आपली जुनी रीतच आहे. सरडा साधासुधा नव्हता. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली ही जात. हनुवटीखाली काटेरी खवल्यांची झालर असते. राग आला की ती फुगते आणि काळी पडते. म्हणून इंग्रजीत त्याला "दाढीवाला ड्रॅगन" म्हणतात. आमच्या सोसायटीने त्याला "दाढोबा" म्हणायला सुरुवात केली. परदेशी पाहुणाच का, असं कोणी विचारेल. तर आपल्या घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत बसवलेलं आहे. ती पाळणं हा गुन्हा. तिच्यावरून आलेलं आडनाव तेवढं लावता येतं.

दाढोबा आला तेव्हा जेमतेम वीतभर होता. त्याच्यासाठी पेटी आली. पेटीच्या एका कोपऱ्यात चाळीस अंशांच्या आसपास ऊब देणारा दिवा आला. अतिनील किरणांची वेगळी नळी आली, कारण तो उजेड मिळाला नाही तर अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम पचत नाही आणि सरड्यालाही लहान मुलासारखा मुडदूस होतो. इथवर सगळं कौतुकात चाललं. तिसऱ्या दिवशी कुरिअरने एक भोकांचा डबा आला आणि रात्री तो डबा गाऊ लागला. त्यात पन्नास रातकिडे होते.

घरातल्या आजींनी सकाळी तो डबा पाहिला आणि कशासाठी आणला ते ऐकलं. आजी त्या ब्लॉकच्या, पण साऱ्या सोसायटीच्याच आजी. चिंचवडच्या मोरयाला संकष्टी न चुकवणाऱ्या. त्या काही ओरडल्या नाहीत. संध्याकाळी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं फुटलेलं नाही. आता जिवंत जीव उचलून दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा. हे पाप कोणाच्या नावावर? त्या मुक्या जनावराच्या, पोराच्या, की डबा घरात घेतला त्या माझ्या?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता, म्हणून मी विचारवंताने करायचं तेच केलं. "बघू या," म्हणालो.

पुढचा आठवडा पर्यायी अन्नाच्या प्रयोगांत गेला. पहिल्या दिवशी भिजवलेली मूगडाळ. दुसऱ्या दिवशी पनीर. तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या वड्या, बारीक करून. दाढोबा एखाद्या रुसलेल्या जावयासारखा पानाकडे पाठ करून बसला. चिरंजीवांचे वडील चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहेत. त्यांनी फ्रिजवर तक्ता लावला: तारीख, माल, नग, स्वीकृत, नाकारले. सगळा माल शेवटच्या रकान्यात. मग त्यांनी कारखान्यातली जपानी पद्धत काढली. काही बिघडलं की पाच वेळा "का" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. "का खात नाही? पनीर हलत नाही म्हणून. का हलत नाही? ते पनीर आहे म्हणून." दुसऱ्याच "का"ला मूळ कारण हाती आलं. जपानमध्येसुद्धा इतकं लवकर येत नसेल.

आणि खरोखर गोम तिथेच होती. किडे खाणाऱ्या सरड्याची नजर हालचालीवर बेतलेली असते. जे पळतं ते अन्न; जे पडून आहे तो दगड. त्यातून दाढोबाचं वय वाढीचं. या जातीच्या पिल्लांचं बहुतेक जेवण किड्यांचं असतं. मूगडाळीत प्रथिनं असली तरी ती त्यांच्या पोटासाठी नाहीत. आठवड्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा वजन उतरलेलं होतं आणि शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली होती. शेपटीचं मूळ हा सरड्याचा प्रॉव्हिडंट फंड. तिथली शिल्लक सरू लागली म्हणजे घरची स्थिती काय असेल, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सोसायटीच्या बाकावर या विषयावर बरीच चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, "निसर्गाचा नियमच आहे, मोठा लहानाला खातो." हे म्हणणाऱ्या गृहस्थांच्या हातात त्या वेळी डास मारायची विजेची रॅकेट होती आणि दर वाक्यागणिक एक टिचकी ऐकू येत होती. दुसरा पक्ष म्हणाला, "भूक लागली की झक मारत डाळ खाईल." या पक्षातली बरीच मंडळी स्वतः एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा कीस एवढं पोटात घालून उपवास करणारी होती. मला वाटतं, खरा मुद्दा इथेच होता. माणसाने व्रत करावं, जिभेला लगाम घालावा, मांस सोडावं. ते त्याचं त्याला शोभतं, कारण भूकही त्याची असते आणि पुण्यही त्याचंच. पण आपला उपवास दुसऱ्याच्या पोटाने करायचा नसतो. दाढोबाने माळ घातलेली नव्हती. माळ आपली आणि उपाशी तो, हा कुठला हिशेब?

हा हिशेब आपण पूर्वीही केलेला आहे. नागपंचमीला नागाला दूध पाजणं हा पर्यायी अन्नाचा आपला फार जुना प्रयोग. साप उंदीर-बेडूक खातो. दूध हा त्याचा आहारच नव्हे आणि ते त्याला धड पचतही नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, कारण त्याला आधी तहानेलं ठेवलेलं असतं. वाटीत दूध ओतताना आपल्याला जे समाधान मिळतं ते खरं असतं. फक्त ते नागाच्या पोटात गेलेलं नसतं.

मग वडिलांनी मधला मार्ग आणला. गोठवून वाळवलेले रातकिडे, झाकणाच्या डब्यात, चिवड्यासारखे कोरडे. असे पर्याय आता बरेच मिळतात: वाळवलेल्या अळ्या, दाबून केलेल्या गोळ्या, पाण्यात कालवायच्या पुडी. आपल्या ओल्या कचऱ्याच्या खतात वळवळणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्याही वाळवून विकतात. त्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. आजींनी डबा उघडून पाहिला आणि सुस्कारा सोडला. "हे बरं. हे आधीच मेलेले आहेत." त्यावर चिरंजीवांनी विचारलं, "पण आजी, ते मेले कसे?"

बारा वर्षांच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवू नये असं मला वाटतं. ते त्यांना येत असतं.

मला शिबी राजाची गोष्ट आठवली. महाभारताच्या वनपर्वात ती उशीनर राजाच्या नावावरही सांगितली आहे. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसतं. ससाणा म्हणतो, हे माझं अन्न आहे. याला वाचवशील तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी पिल्लं मरतील, हा कुठला धर्म? शेवटी राजा आपल्या अंगचं मांस तोलून देतो. हा शेवट आपल्या सगळ्यांना पाठ असतो. पण त्याआधीचा एक प्रसंग आपण घाईने ओलांडतो. राजा आधी ससाण्याला पर्यायी अन्न देऊ करतो: बैल घे, रानडुक्कर घे, हरीण घे, रेडा घे. मांडीवरच्या एका कबुतरासाठी चार धडधाकट जनावरं! त्यांपैकी एकालाही कोणी विचारलेलं नाही, कारण त्यांपैकी एकही राजाच्या मांडीवर बसलेलं नव्हतं.

वाळवलेल्या रातकिड्यांचा डबा म्हणजे तो बैल. जीव तेवढेच गेले. फक्त आपल्या दिवाणखान्यात गेले नाहीत. जिवंत किड्याला पर्याय म्हणून आपण जे विकत घेतो, तो पुष्कळदा आपल्या डोळ्यांना पर्याय असतो. मी हे आजींना बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्या आपलं रेशमी सोवळं घडी करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, हे तरी कुठून आलं? कोष उकळतात म्हणे, आतल्या किड्यासकट. आणि मी हे नेसून देवाला शिवते." मग तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दर पावसाळ्यात बोरिक पावडर चोळते. ती काय पोरकिड्यांना बाळसं यावं म्हणून?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. ऐंशीव्या वर्षी आपल्या पुण्याची वही पुन्हा तपासायला बसणं सोपं नसतं. आमच्या वयाची माणसं वही मिटून टाकतात आणि "सोडा हो, सगळंच पाप म्हटलं तर जगायचं कसं?" असं म्हणतात. आजींनी वही मिटली नाही.

सगळंच पाप म्हणून कशालाच पाप म्हणायचं नाही, ही पळवाट झाली. किड्याला दुखत असेल का, हा प्रश्न आता केवळ पांजरपोळ चालवणाऱ्या मंडळींचा राहिलेला नाही. २०२२ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी भुंगमाश्यांना लाकडाच्या बारीक गोट्या दिल्या, तर माश्या त्या पुन्हा पुन्हा ढकलत राहिल्या. बदल्यात खाऊ नाही, काही नाही. संशोधकांनी त्याला खेळ म्हटलं. जो खेळतो त्याला दुखणारच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल? त्याच साली ब्रिटनने आपल्या प्राण्यांच्या संवेदनांविषयीच्या कायद्यात खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपस यांना जागा दिली. किडे अजून दाराबाहेर उभे आहेत. या बाबतीत आपला कायदा मात्र दिलदार निघाला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे रातकिडाही! त्याच्या वतीने पोलीस चौकीत फिर्याद द्यायला आजवर कोणी गेल्याचं ऐकलं नाही, पण व्याख्येत तो आहे. त्याच कायद्यात असंही आहे, की निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा गुन्हा.

निव्वळ करमणुकीसाठी. या दोन शब्दांपाशी मी थबकलो. कारण दाढोबाच्या घरी रविवारी सकाळी काय चालायचं, ते मी पाहिलं होतं. आठवडाभराच्या उपासानंतर घरच्यांनी निरुपायाने जिवंत किडे द्यायला सुरुवात केली होती आणि ती बातमी पोरांत पसरली होती. सात-आठ पोरं पेटीभोवती, निम्म्यांच्या हातात मोबाईल. रातकिडा आत सोडला की "गेला, गेला!" असा गलका. एखादा चपळ निघाला तर त्याच्या बाजूने टाळ्या, सापडला तर दाढोबाच्या बाजूने शिट्ट्या. एकाने तर किती सेकंदांत सापडतो यावर गोळ्या-चॉकलेटांची पैज लावली होती. तिथे भुकेचा संबंध संपलेला होता. दाढोबा जेवत होता, आणि आमची पोरं मात्र भलतंच काही खात होती.

आजींनी निकाल दिला तो इथे. त्यांनी पोरांना बाहेर काढलं, नातवाला समोर बसवलं आणि चार गोष्टी सांगितल्या. "एक, तू याला घरात आणलंस, आता हा उपाशी राहायचा नाही. त्याचं जे अन्न आहे ते त्याला मिळेल. दोन, कोणी जेवत असताना तोंडाकडे बघत बसायचं नाही. माणूस असो की सरडा. तमाशा बंद. तीन, त्याला लागतील तेवढेच किडे आत सोडायचे; उरलेले पुन्हा डब्यात. आणि चार, डब्यातल्यांनाही खायला-प्यायला द्यायचं. जाणारा झाला तरी आपल्या घरात आहे तोवर पाहुणा आहे. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही."

गंमत अशी, की चिरंजीवांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी जवळजवळ याच चार गोष्टी सांगितल्या. उरलेले रातकिडे पेटीत सोडून दिले तर ते रात्री झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात. आणि किड्यांना आधी गाजर, पाला, धान्याचा भरडा खाऊ घातला तर ते पोषण त्यांच्यामार्फत सरड्याच्या पोटात जातं. जाणकार लोक ते मुद्दाम करतात. वर कॅल्शियमची पूड, अनारशाला खसखस लावावी तशी. बागेतले किडे पकडून द्यायचे नाहीत, कारण सोसायटी दर महिन्याला औषध फवारते. मेलेला किडा चालेल का, तर चालेल: चिमट्यात धरून कळसूत्री बाहुलीसारखा नाचवायचा आणि हळूहळू सवय लावायची. रातकिडा थंडीत आधी सुस्त पडतो, त्यामुळे पेटीतल्या पाठलागापेक्षा त्याचा हा शेवट शांत असावा, असा आपला अंदाज. पर्यायात काहीच अर्थ नाही असं नाही. अर्थ आहे, फक्त तो आपलं पाप पुसण्याइतका मोठा नाही.

आणि डॉक्टर म्हणाले, "आजींना सांगा, धीर धरा. हा मोठा झाला की बहुतेक पालाच खाणार आहे."

ही बातमी ऐकून आजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. या जातीचं तसंच असतं. पिल्लू असताना किडे फार आणि पाला थोडा. वय वाढलं की पाला फार आणि किडे थोडे. आमच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. जन्मभर मटणावर हात मारून निवृत्तीनंतर माळ घालणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. "म्हणजे हा आपल्यातलाच," आजी म्हणाल्या. पूर्ण माळकरी तो होणार नाही, अधूनमधून एखादा किडा लागेलच, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आजी म्हणाल्या, "इथले तरी कुठे सगळे पूर्ण असतात?"

आता दाढोबा हातभर झाला आहे. सकाळी त्याच्या पानात लाल भोपळ्याचा कीस, शेवग्याचा पाला आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या असतात. पालक क्वचित, कारण त्याने कॅल्शियम अडतं. मोरयाला वाहून उरलेलं जास्वंदीचं फूल आजी स्वतः त्याच्यापुढे धरतात. लाल फूल हातात हलताना दिसलं की तो धावत येतो आणि दाढीला पाकळ्या लागेपर्यंत खातो. आठवड्यातून एक-दोनदा नातू दार लोटून घेऊन त्याला किडे देतो. त्या वेळी आजी स्वयंपाकघरात जातात. त्या का जातात हे त्याला माहीत आहे, आणि तो का देतो हे त्यांना. या विषयावर त्या घरात पुन्हा वाद झालेला नाही.

परवा चिरंजीव मला जिन्यात भेटले. म्हणाले, "काका, मित्र इग्वाना घेतोय. तो पहिल्यापासून पालाच खातो." मी म्हटलं, "छान. पण त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, २०२४ चे नियम आहेत. आणि तो पाच फुटांचा होतो, हे त्याच्या आईला माहीत आहे का?"

मागून आजी येत होत्या. गुडघ्यांवर हात ठेवत एक-एक पायरी चढत म्हणाल्या, "स्थळ बघायला जातात तेव्हा आधी विचारतात की नाही, मुलगा काही खातो-पितो का म्हणून? तसंच आहे हे. चौकशी आधी करावी. एकदा अक्षता पडल्या की मग जे खाईल ते रांधायचं."